हार्ड डिस्कची गती आणि लिनक्समधील ड्रायव्हर

सर्व्हर मंदावला की पहिला संशय हार्ड डिस्कवर जातो. रात्री सुरू केलेले प्रतिलिपीचे काम सकाळपर्यंत पुरे होत नाही, साध्या शोधालाही विलंब लागतो, आणि मग डिस्क जुनी झाली, ती बदलावी, असा निर्णय घाईने घेतला जातो. पुष्कळदा तो चुकीचा ठरतो. डिस्क आणि संगणकाची स्मृती यांच्यामध्ये केबल, नियंत्रक व ड्रायव्हर असे तीन दुवे आहेत. यांपैकी ड्रायव्हरचा दोष सर्वांत कमी दिसणारा. कारण तो प्रकट होतो तो केवळ शब्दांतून, आणि हे शब्द नेहमीच वाच्यार्थाने घेण्याजोगे नसतात.

डिस्कवरील मजकूर स्मृतीत आणण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत प्रोसेसर स्वतः प्रत्येक शब्द उचलून नेतो. हिला पीआयओ म्हणतात. दुसरीत नियंत्रक मजकूर परस्पर स्मृतीत ठेवतो आणि काम संपल्यावर प्रोसेसरला तेवढी वर्दी देतो. ही डीएमए होय. पीआयओच्या चौथ्या श्रेणीची कमाल मर्यादा सेकंदास सुमारे 16.6 मेगाबाइट आहे, तर अल्ट्रा डीएमएच्या प्रचलित श्रेणी 33 पासून 133 पर्यंत जातात. परंतु खरा तोटा या आकड्यांत नाही. पीआयओमध्ये प्रोसेसर हमालीत गुंतून पडतो, आणि त्यामुळे डिस्कशी संबंध नसलेली कामेही रखडतात.

लिनक्सच्या 2.4 व 2.6 या कर्नेल-मालिकांच्या काळातील एक प्रसंग या दृष्टीने उद्बोधक आहे. मार्क लॉर्ड यांनी लिहिलेल्या एचडीपार्म या साधनाने दोन मापने घेता येतात: मोठ्या टी-ने स्मृतीतील साठ्याची गती कळते, लहान टी-ने प्रत्यक्ष डिस्कची. पहिली शेकड्यांनी आणि दुसरी जेमतेम तीनचार मेगाबाइट असे दिसले, म्हणजे डीएमए बंद असल्याचा तर्क करावा. मात्र ते चालू करू जाता उत्तर येई: ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’. वाचणारा बुचकळ्यात पडे. आज्ञा देणारा तर रूट, म्हणजे सर्वाधिकारी. मग परवानगी नाकारली कोणी? वस्तुतः येथे अधिकाराचा प्रश्नच नव्हता. डिस्कचा ताबा सर्वसामान्य आयडीई ड्रायव्हरने घेतलेला असे, आणि त्याच्यापाशी त्या चिपसेटवर डीएमए चालू करण्याची क्रियाच नसे. ‘मला हे येत नाही’ या अर्थी कर्नेल ‘तुला हे करता येणार नाही’ असे म्हणत असे. म्हणून उपाय आज्ञेत नव्हता, क्रमात होता: इंटेलच्या किंवा व्हायाच्या चिपसेटचा विशिष्ट ड्रायव्हर सर्वसामान्य ड्रायव्हरच्या आधी कर्नेलमध्ये आला पाहिजे. हे न उमगल्याने काही जण एचडीपार्मच्या एक्स या पर्यायाने श्रेणी बळेच लादू पाहत. तसे केल्यास फाइलप्रणालीचा विध्वंस होऊ शकतो, असा इशारा त्या साधनाच्या माहितीपत्रकातच आहे.

पुढे जेफ गार्झिक यांनी आरंभ केलेल्या लिबएटीए या नव्या व्यवस्थेने जुन्या आयडीई ड्रायव्हरांची जागा घेतली, आणि 2021 मध्ये 5.14 या कर्नेलातून ते काढून टाकण्यात आले. डिस्कचे नावही एचडीए-ऐवजी एसडीए झाले. जुन्या सूचना पाठ असलेला मनुष्य आजही एसडीए-वर डीएमए चालू करण्याची आज्ञा देतो आणि ‘इनॅप्रोप्रिएट आयऑक्टल फॉर डिव्हाइस’ असे उत्तर मिळवतो. (या त्रुटीचे युनिक्समधील मूळ शब्द ‘नॉट अ टाइपरायटर’ असे होते, टेलिटाइपच्या काळचा हा अवशेष तिच्या ईनॉटटीटीवाय या संज्ञेत अद्याप टिकून आहे.) याचा अर्थ डीएमए बंद आहे असा नव्हे, या डिस्कला हा प्रश्नच लागू नाही, एवढाच.

योग्य प्रश्न कर्नेलच्या नोंदींना विचारावा. डीमेसेज या आज्ञेने त्या वाचता येतात. जुन्या समांतर डिस्कपुढे ‘कॉन्फिगर्ड फॉर यूडीएमए/133’ असे दिसल्यास चिंता नको. तेथेच चाळीस तारांच्या केबलचा उल्लेख करून श्रेणी 33 वर आणल्याचे लिहिले असेल, तर दोष केबलचा. वरच्या श्रेणींना ऐंशी तारांची केबल लागते. साटा डिस्कच्या बाबतीत 6 गिगाबिटांचा दुवा 1.5 वर उतरवल्याची नोंद अधिक गंभीर मानली पाहिजे. वारंवार चुका आढळल्यावर लिबएटीए स्वतःच गती कमी करते. अशा वेळी मंदपणा हा रोग नसून लक्षण असते. स्मार्ट तपासणीत 199 क्रमांकाची सीआरसी-गणना वाढत असेल, तर प्रथम केबल बदलावी. बदललेल्या किंवा प्रलंबित सेक्टरांची संख्या वाढत असेल, तर मात्र डिस्कच दोषी, आणि गतीची चर्चा थांबवून आधी प्रतिलिपी घ्यावी.

एक कारण याहूनही साधे असते. फर्मवेअरमध्ये साटा नियंत्रक आयडीई रूपात ठेवलेला असला, की इंटेलच्या यंत्रांवर एएचसीआय-ऐवजी एटीए-पीआयआयएक्स हा ड्रायव्हर येतो आणि मागण्यांची रांग लावण्याची सोय, म्हणजे एनसीक्यू, नाहीशी होते. सिस या निर्देशिकेतील क्यू-डेप्थचा आकडा 31 किंवा 32 च्या जागी 1 दिसतो. अनेक जण एकाच वेळी वापरीत असलेल्या सर्व्हरवर हा फरक चांगलाच जाणवतो. रूप बदलण्यापूर्वी आरंभीच्या रॅमडिस्कमध्ये एएचसीआय ड्रायव्हर आहे ना, हे पाहून घ्यावे; नसल्यास यंत्राला स्वतःची मूळ फाइलप्रणालीच सापडत नाही.

राहता राहिला लेखन-साठा. डब्ल्यू या पर्यायाने तो चालू केला की लेखन जलद होते. परंतु त्यातील मजकूर वीज जाताच नष्ट होतो. फाइलप्रणालीकडून साठा रिकामा करण्याच्या आज्ञा योग्य वेळी जात असतील आणि डिस्क त्या पाळत असेल, तर धोका मर्यादित राहतो. माउंट करताना या आज्ञाच बंद केलेल्या असतील, तर तो कित्येक पटींनी वाढतो. डेबियनवर ही निवड एचडीपार्मच्या कॉन्फ फाइलमध्ये लिहून ठेवावी लागते, नाहीतर वीज बंद होऊन डिस्क पुन्हा सुरू झाली की तिची मूळची अवस्था परत येण्याचा संभव असतो.