स्कोअरबोर्डवर नसलेले पाच पांडव

फुटबॉल म्हटलं की आपल्या हॉस्टेलमध्ये मेस्सी आणि रोनाल्डोवरून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत भांडणं चालतात. पण अमेरिकेत 'फुटबॉल' या शब्दाचा अर्थच वेगळा. तिथे बॉल अंडाकृती, डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर पॅड्स, आणि पायांचा उपयोग बॉल मारण्यापेक्षा पळण्यासाठीच जास्त! आपले जे सीनियर्स एम.एस.साठी तिकडे जातात, त्यांना पहिल्याच सेमिस्टरमध्ये हे वेड दिसतं. शनिवारी अख्खं गाव एकाच रंगाचे टी-शर्ट घालून स्टेडियमकडे निघतं. मिशिगन युनिव्हर्सिटीच्या स्टेडियमची क्षमता १,०७,६०१ आहे. म्हणजे आपल्या वानखेडेच्या तिपटीहून जास्त, आणि मैदानावर खेळणारी सगळी कॉलेजची पोरं!

या खेळात टीव्हीचा कॅमेरा सतत बॉलच्या मागे धावतो. त्यामुळे हिरो ठरतो तो बॉल फेकणारा, पकडणारा किंवा घेऊन पळणारा. पण मॅच बऱ्याचदा जिंकून देतात ते पाच धिप्पाड गडी, ज्यांच्याकडे कॅमेरा बघतही नाही. त्यांना 'ऑफेन्सिव्ह लाइन' म्हणतात. हा लेख त्यांच्याबद्दल.

आधी खेळ थोडक्यात

प्रत्येक टीमचे ११ खेळाडू. मैदान १०० यार्डांचं, म्हणजे सुमारे ९१ मीटर, आणि दोन्ही टोकांना १०-१० यार्डांचे 'एंड झोन'. ज्या टीमकडे बॉल आहे तिला चार प्रयत्नांत किमान १० यार्ड पुढे जायचं असतं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही जमलं तर बॉल समोरच्यांना. समोरच्या एंड झोनमध्ये बॉल पोचवला की टचडाऊन, त्याचे ६ पॉइंट्स.

टीमचा मेंदू म्हणजे क्वार्टरबॅक. तो बॉल फेकतो किंवा पळणाऱ्या रनिंग बॅकच्या हातात देतो. आणि क्वार्टरबॅकच्या पुढे एका रांगेत उभे असतात आपले पाच पांडव: मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन गार्ड, आणि टोकाला दोन टॅकल. कॉलेजमध्ये आज यांचं वजन सर्रास ३०० पाउंडांच्या म्हणजे १३६ किलोंच्या पुढे असतं. यांच्या जर्सीवर ५० ते ७९ मधला नंबर असतो, आणि गंमत म्हणजे पुढे फेकलेला पास झेलायची यांना परवानगीच नसते! सेंटर दोन पायांमधून बॉल मागे देतो (त्याला 'स्नॅप' म्हणतात), तेवढाच काय तो बॉलला हात. स्कोअरबोर्डवर नाव येण्याचा प्रश्नच मिटला.

मग हे करतात तरी काय?

दोन कामं. पहिलं काम रन ब्लॉकिंग. म्हणजे समोरच्या डिफेंडरला ढकलून बाजूला करायचं आणि रनिंग बॅकसाठी वाट मोकळी करायची. ती फट अर्ध्या सेकंदासाठी उघडते आणि बंद होते. इथे नुसतं वजन कामाचं नाही. ज्याचे खांदे खाली, तो जिंकतो. गुरुत्वमध्य खाली ठेवून समोरच्याच्या छातीखालून वर रेटा दिला की त्याच्या पायांची पकड सुटते. फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समध्ये आपण जे मोमेंट आणि फ्रिक्शन शिकतो तेच इथे चालतं, फक्त ब्लॉकच्या जागी माणूस असतो. समोरच्याला पार उताणा पाडला तर त्याला 'पॅनकेक' म्हणतात!

दुसरं काम पास ब्लॉकिंग, आणि हे जास्त अवघड. क्वार्टरबॅकला पास फेकायला साधारण अडीच-तीन सेकंद लागतात. तेवढा वेळ त्याच्याभोवती एक सुरक्षित खिसा टिकवायचा, त्याला 'पॉकेट'च म्हणतात. ब्लॉकर मागे सरकत असतो आणि डिफेंडर पूर्ण जोरात पुढे येत असतो. कुठल्या बाजूने जायचं हे डिफेंडर ठरवतो, ब्लॉकरला नुसतं ओळखायचं असतं. वर नियम असा की त्याला पकडून ठेवायचं नाही. पकडलं तर 'होल्डिंग', १० यार्डांचा दंड. स्नॅपच्या आधी नुसता दचकून हलला तरी ५ यार्ड मागे. खरं सांगायचं तर लाइनमनचं नाव मॅचमध्ये माइकवर ऐकू येतं ते बहुतेक वेळा दंड झाला म्हणूनच.

उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ डावीकडे असते. तिकडून येणारा माणूस त्याला दिसत नाही. म्हणून डावीकडचा टॅकल फार महत्त्वाचा. २००९ साली आलेला 'द ब्लाइंड साइड' हा सिनेमा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्याचं नाव यावरूनच आलं आहे. ज्याच्यावर तो बेतला तो मायकल ओहर मिसिसिपी युनिव्हर्सिटीकडून खेळला होता.

साखळीचं गणित

आता इंजिनिअर्सच्या आवडीचा भाग. ही लाइन म्हणजे आपल्या रिलायबिलिटीच्या भाषेत 'सीरिज सिस्टीम' आहे. पाचपैकी एक जरी फसला तरी क्वार्टरबॅक आडवा. बाकी चौघांनी कितीही छान काम केलं असलं तरी उपयोग शून्य.

समजा प्रत्येक जण १०० पैकी ९५ वेळा आपलं काम चोख करतो. ऐकायला भारी वाटतं ना? पण पाचही जण एकाच वेळी यशस्वी होण्याची शक्यता ०.९५ चा पाचवा घात, म्हणजे फक्त ७७ टक्के. सगळे ९० टक्केवाले असतील तर ५९ टक्के. आणि सगळे ९९ टक्केवाले असतील तर ९५ टक्के. आता चार जण ९९ टक्केवाले आणि एकच ७० टक्केवाला घ्या. उत्तर येतं ६७ टक्के. प्रत्यक्षात तर त्याहून वाईट होतं. कारण समोरचा कोच काही झोपलेला नसतो. तो आपला सगळ्यात तगडा डिफेंडर बरोबर त्या ७० टक्केवाल्यासमोरच आणून उभा करतो!

अर्थात हे गणित ढोबळ आहे. खरे लाइनमन एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, ते एकमेकांना सांभाळून घेतात. डिफेंडर मुद्दाम आपसात जागा बदलतात. तेव्हा गार्डने आपला माणूस टॅकलकडे सोपवून त्याचा माणूस स्वतःकडे घ्यायचा असतो, तेही न बोलता, पापणी लवायच्या आत. हे एकत्र खेळून खेळूनच येतं. म्हणून पाच वेगवेगळे स्टार आणले की चांगली लाइन तयार होते असं नाही. शाळेतून आलेल्या अठरा वर्षांच्या मुलाचं शरीर तयार व्हायलाच दोन-तीन वर्षं जातात. क्वार्टरबॅक एखादा गुणी फ्रेशर मिळूनही जातो, लाइन मात्र मुरावी लागते. लोणच्यासारखी!

इतिहासातली काही उदाहरणं

१९२४ साली नोत्र दाम युनिव्हर्सिटीने आर्मीला १३-७ ने हरवलं तेव्हा ग्रँटलँड राइस या पत्रकाराने त्यांच्या चार बॅक्सना 'फोर हॉर्समेन' म्हणजे चार घोडेस्वार असं नाव दिलं. चौघांचा घोड्यावर बसलेला फोटो देशभर गाजला. त्यांच्यापुढे राबणाऱ्या सात जणांना काय नाव मिळालं? 'सेव्हन म्यूल्स', सात खेचरं! असं सांगतात की टीममध्ये एकदा मतदान झालं, घोडेस्वार महत्त्वाचे की खेचरं? निकाल लागला ७ विरुद्ध ४, खेचरं विजयी!

२ जानेवारी १९९६ च्या फिएस्टा बोलमध्ये नेब्रास्काने फ्लोरिडाला ६२-२४ असं धुतलं. त्या एका मॅचमध्ये नेब्रास्काने नुसतं पळून ५२४ यार्ड काढले. क्वार्टरबॅक टॉमी फ्रेझरची ७५ यार्डांची दौड आजही दाखवतात. पण त्या टीमच्या लाइनला लोक 'पाइपलाइन' म्हणत, यातच सगळं आलं.

आणि अलीकडचं उदाहरण मिशिगनचं. २७ नोव्हेंबर २०२१ ला त्यांनी कट्टर शत्रू ओहायो स्टेटला ४२-२७ ने हरवलं. २९७ यार्ड पळून काढले आणि हसन हॅस्किन्सने एकट्याने ५ टचडाऊन केले. दोनच वर्षांनी, २५ नोव्हेंबर २०२३ ला, याच दोन टीम पुन्हा भिडल्या असताना मिशिगनचा गार्ड झॅक झिंटर याचा पाय मोडला. त्याला मैदानाबाहेर नेलं. रांगेत बदल करावा लागला. आणि पुढच्याच स्नॅपला ब्लेक कोरम त्याच लाइनच्या मागून २२ यार्ड पळत जाऊन टचडाऊन करून आला! मिशिगनने मॅच ३०-२४ ने जिंकली आणि पुढे राष्ट्रीय विजेतेपदही. एक खांब पडला तरी बाकीच्यांनी भार उचलला.

बक्षिसांचं म्हणाल तर कॉलेज फुटबॉलचा सर्वांत मोठा मान म्हणजे हाइसमन ट्रॉफी. ती आजवर एकाही ऑफेन्सिव्ह लाइनमनला मिळालेली नाही. १९७३ मध्ये ओहायो स्टेटचा जॉन हिक्स दुसरा आला, तेवढंच. शेवटी २०१५ पासून 'जो मूर अवॉर्ड' सुरू झाला. तो एका खेळाडूला नाही, अख्ख्या लाइनला मिळतो. २०२१ आणि २०२२ मध्ये तो मिशिगनने जिंकला. २०२४ मध्ये तो मिळाला आर्मीला, म्हणजे वेस्ट पॉइंटच्या कॅडेट्सना. पुढे सैन्यात अधिकारी व्हायचं असल्यामुळे त्यांना बाकीच्यांसारखं वाट्टेल तेवढं वजन वाढवता येत नाही. तरी त्या सीझनमध्ये पळून काढलेल्या यार्डांत ते देशात पहिले होते, मॅचमागे ३०० च्या वर.

आणि या सगळ्याची किंमत

मित्रांनो, इथपर्यंत सगळं छान छान झालं. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख पूर्ण होणार नाही.

१९०५ च्या सीझनमध्ये या खेळात किमान १८ मुलं दगावल्याची नोंद झाली. खुद्द राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी कॉलेजवाल्यांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. १९०६ पासून नियम बदलले, पुढे पास फेकायला परवानगी मिळाली आणि दोन्ही रांगांमध्ये मोकळी पट्टी ठेवायचं ठरलं.

तरी धोका संपला नाही. २९ मे २०१८ रोजी मेरिलँड युनिव्हर्सिटीचा ऑफेन्सिव्ह लाइनमन जॉर्डन मॅकनेअर सरावात ११० यार्डांच्या स्प्रिंट्स मारता मारता कोसळला. उष्माघात झाला होता. १३ जूनला तो गेला. वय वर्षं १९. आपल्याएवढाच! उष्माघात झालेल्या खेळाडूला ताबडतोब बर्फाच्या थंड पाण्यात बसवायचं असतं, तेच केलं गेलं नव्हतं. युनिव्हर्सिटीने नंतर कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी स्वीकारली. २०२१ मध्ये त्याच्या नावाने मेरिलँड राज्यात खेळाडूंच्या सुरक्षेचा कायदा झाला.

यातही सायन्स आहेच. शरीर मोठं झालं की उष्णता तयार करणारं वस्तुमान घनाच्या प्रमाणात वाढतं, पण ती बाहेर टाकणारी त्वचा वर्गाच्याच प्रमाणात. म्हणजे जे वजन लाइनमनची ताकद असतं तेच उन्हात त्याचा शत्रू होतं. सर्वांत कमी कौतुक ज्यांचं होतं, त्यांच्याच शरीरावर सर्वांत जास्त भार पडतो. ही गोष्ट कोचने, डॉक्टरने आणि आपल्यासारख्या प्रेक्षकांनीही विसरता कामा नये.

तेव्हा पुढच्या वेळी कॉमन रूममध्ये कुणी अमेरिकन फुटबॉल लावला तर एक प्रयोग करून बघा. स्नॅपनंतरचे पहिले दोन सेकंद बॉलकडे बघूच नका. मधल्या पाच जणांकडे बघा. ते पुढे सरकतायत की मागे? पुढचा प्ले कसा जाणार हे तुम्हाला कॉमेंटेटरच्या आधी कळेल. आणि टचडाऊन झाल्यावर सगळा कॅमेरा हिरोवर असताना, मागे जमिनीवरून उठून एकमेकांना हात देणारे ते पाच जण दिसले, तर एक टाळी त्यांच्यासाठीही वाजवा!