उसना मजकूर आणि संदर्भाची नोंद

कलबुर्गी-बिदर सीमाभागात, आळंद तालुक्यातील निंबर्ग्यासारख्या गावी, मराठी, कन्नड व उर्दू या तिन्ही भाषांशी अध्यापकांचा रोजचा संबंध येतो. उर्दू ग्रंथातील परिच्छेद मराठीत उतरवला की तो आपला झाला, अशी समजूत त्यामुळे सहज रुजते. ती चुकीची आहे. शब्द अनुवादकाचे असले तरी विचार, मांडणी व पुरावा मूळ लेखकाचाच असतो. अनुवादाखालीही तळटीप हवी.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधातील साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही. ६० टक्क्यांवर गेल्यास नोंदणी रद्द होते. परंतु साम्य मोजणारे सॉफ्टवेअर एका भाषेतून दुसऱ्या भाषेत आणलेला मजकूर सहसा ओळखत नाही. म्हणजे कमी टक्केवारी हा प्रामाणिकपणाचा दाखला नव्हे.

मूळ ग्रंथ न पाहता त्याचा हवाला देणे हा दुसरा दोष. याचे ठळक उदाहरण कलबुर्गीचेच आहे. 'मिराजुल आशिकीन' हे दखनी गद्य पुस्तक ख्वाजा बंदानवाज गेसूदराज (निधन १४२२) यांच्या नावे मौलवी अब्दुल हक यांनी प्रसिद्ध केले आणि उर्दूचा पहिला गद्यग्रंथ म्हणून ते अभ्यासक्रमांत स्थिरावले. पुढे डॉ. हफीज कतील यांनी ते ख्वाजासाहेबांचे नसून बऱ्याच नंतरच्या काळातील मखदूम शाह हुसैनी विजापुरी यांचे असल्याचे साधार मांडले. तरीही जुने विधान एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरतच राहिले. प्रत्येकाने आपण ते कोठून घेतले हे लिहिले असते, तर वाचकाला मागे जाऊन तपासता आले असते.

हदीसच्या अभ्यासकांना हे नवे नाही. कोणी कोणाकडून ऐकले, ही इस्नादची साखळी मजकुराइतकीच तपासली जाते. तळटीपही तेच काम करते. म्हणून अब्दुल हक यांचे मत दुसऱ्याच्या ग्रंथात वाचले असेल, तर तसेच लिहावे: अब्दुल हक यांचे मत, अमुक लेखकाच्या ग्रंथात उद्धृत, पृष्ठ अमुक. यात कमीपणा नाही.

जुन्या उर्दू ग्रंथांवर कित्येकदा केवळ हिजरी सन असते. ते जसेच्या तसे नोंदवून पुढे कंसात इसवी सन द्यावे. एक हिजरी वर्ष बहुधा दोन इसवी वर्षांत विभागलेले असते. महिना ठाऊक नसल्यास दोन्ही सने लिहावीत.