प्रशिक्षण जुन्या गोव्यात, परीक्षा पेडण्यात

गोव्यातल्या मोपा विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ रोजी विमाने उडू लागली, पण पेडणे तालुक्यातल्या पंचायतींच्या फाइली त्याच्या आधीपासूनच बदलल्या होत्या. पूर्वी सचिवाकडे यायचे ते घरपट्टीवरचे नाव, कौलारू घराची दुरुस्ती, कसलातरी दाखला. आता मोरजी, मांद्रे, हरमलच्या पट्ट्यात हॉटेले आणि व्हिला येतात. २०२४ च्या अखेरीस सनबर्न हा संगीत महोत्सव याच तालुक्यातल्या धारगळला आला, तेव्हा पंचायतीच्या परवानगीचा वाद थेट उच्च न्यायालयात पोचला. एवढे ओझे पेलायला सचिवाला शिकवते कोण?

शिकवणाऱ्यांची वानवा नाही. जुन्या गोव्यात 'जिपार्ड' ही राज्याची प्रशिक्षण संस्था आहे, राष्ट्रीय ग्राम स्वराज अभियानातून केंद्राचा निधी मिळतो, आणि २०२० मध्ये मंजूर झालेल्या मिशन कर्मयोगीमुळे अभ्यासक्रम मोबाइलवरही आले. उपयोग किती, हे मोजायला अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये चार कसोट्या मांडल्या: वर्ग आवडला का, काही कळले का, कामाची रीत बदलली का, आणि लोकांना फरक जाणवला का. आपले सरकारी अहवाल बहुधा पहिल्या कसोटीपर्यंतही जात नाहीत. हजेरीपट भरला की संपले.

सगळ्या कामांवर प्रशिक्षणाचा परिणाम सारखा होत नाही. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर हिशेब भरायला शिकलेला सचिव लवकर सुधारतो, कारण आकडा जुळला नाही तर चूक तिथल्या तिथे समोर येते. बेकायदा बांधकामाचे तसे नाही. पंचायत राज कायद्याच्या कलम ६६ खाली कारवाई करायची तर जागेची पाहणी, पंचनामा, कारणे दाखवा नोटीस, समोरच्याचे म्हणणे ऐकणे, सगळे रीतसर हवे. एक पायरी गाळली की आदेश अपिलात कोसळण्याची भीती. ही रीत वर्गात शिकवता येते, आणि शिकवायलाच हवी. पण नोटीस काढायची वेळ येते तेव्हा बांधकामवाला सरपंचाच्याच वाड्यावरचा निघतो, आणि सचिवाकडे अनेकदा दुसऱ्या पंचायतीचाही ताबा असतो. हरमलच्या गिरकरवाड्यातल्या बांधकामांत शेवटी उच्च न्यायालयालाच लक्ष घालावे लागले. तिथे कुणाला कलम ठाऊक नव्हते, असे मला वाटत नाही.

बाल्डविन आणि फोर्ड या अभ्यासकांनी १९८८ मध्ये हेच मांडले होते: शिकलेले कामात उतरते की नाही, हे शिकणाऱ्यावर आणि वर्गावर जितके, तितकेच परतल्यावर मिळणाऱ्या पाठबळावर ठरते. तेव्हा निदान काही वर्ग पेडण्याच्या गटविकास कार्यालयात भरवावेत, अपिलात टिकलेले आणि पडलेले आदेश पुढ्यात ठेवून, आणि सहा महिन्यांनी त्याच सचिवांच्या नव्या नोटिशी तपासाव्यात. ऑगस्ट २०२२ मध्ये निवडून आलेल्या पंचांची मुदत २०२७ मध्ये संपते. नव्या पंचांचा पहिला वर्ग सचिवांसोबतच घेतला, तर कलम ६६ दोघेही एकाच बाकावर बसून ऐकतील.