अठरा लाख ओळींची सकाळ

6:30. कुक्करहळ्ळी तलावाला फेरी मारून गोकुळमच्या खोलीवर परतलो. चहाचं आधण ठेवलं आणि फोन पाहिला. पहाटे 2 चा लोड झालाच नाही; फाइल उशिरा आली.

8:50. हेब्बाळच्या ऑफिसात शिरतोय तोच बेळगावची आमची ज्युनिअर समोर. "दादा, काउंटरवाल्यांचे फोनवर फोन येतायत. सगळं हँग झालंय." ग्राहक औषधांचा घाऊक व्यापारी. उशिरा आलेली साठ्याची फाइल शेड्यूलरनं साडेआठला उचलली, आणि दुकानदारांची बिलं सुरू होण्याची वेळ तीच.

9:00. एसक्यूएल सर्व्हरवरची सेशन उघडली. एकामागे एकेचाळीस जण खोळंबलेले, सगळ्यांपुढे कारण एकच: एलसीके_एम_आयएस. नुसतं वाचायला आलेलं सेशनही टेबलाच्या दारातच अडलेलं. लोडच्या स्क्रिप्टमध्ये टॅबलॉक होतं, मीच घातलेलं. पहाटे ते योग्यच. ओळीगणिक लॉक घेत बसण्यापेक्षा अख्ख्या टेबलाला एकच कुलूप घातलं की काम झपाट्यानं उरकतं, आणि तेव्हा तिथं फिरकणारं कुणी नसतं.

"दादा, किल करू?"

"थांब, आधी मोजू."

नोलॉक लावून, म्हणजे कुलपाला वळसा घालून, मोजलं. 18 लाखांपैकी 15 लाख ओळी आत गेल्या होत्या. बॅचचा आकार दिलेला नव्हता, म्हणजे सगळा मिळून एकच व्यवहार. किल केलं की 15 लाख ओळी मागे फिरणार, आणि रोलबॅक पुरा होईतो कुलूप तसंच. पलीकडे कुणीतरी इन्सुलिनचा साठा बघायला ताटकळलंय हे ठाऊक असताना हात बांधून बसणं फार जड जातं. तरी थांबलो. 9:22 ला कुलूप सुटलं, रांग क्षणात ओसरली. ग्राहकाला स्वतः फोन करून माफी मागितली.

11:00. "टॅबलॉक काढून टाकू या ना," ती म्हणाली. तेवढ्यानं भागत नाही. एका स्टेटमेंटनं एका टेबलावर सुमारे 5,000 लॉक घेतले की सर्व्हर ते मोडून टेबलाचाच एक लॉक घेऊ पाहतो. प्रत्येक लॉकला मेमरी लागते, म्हणून. लॉक केवढा घ्यावा, ओळीचा की टेबलाचा, हा प्रश्न जिम ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975 मध्ये आयबीएममध्ये मांडला. सकाळी दिसलेला तो आयएस, म्हणजे पुढं वाचणार असल्याची आगाऊ वर्दी, तिथलाच. मला हे काम अजूनही सुंदर वाटतं.

2:30. जेवून, फिल्टर कॉफी घेऊन बसलो. फाइल आधी एका रिकाम्या कच्च्या टेबलात उतरवायची; तिथं टॅबलॉक खुशाल असू दे. मग मुख्य टेबलात चार-चार हजार ओळी, दर खेपेला कमिट. दोन खेपांच्या मधल्या फटीतून बिलवाले निघून जातात. लोड मधेच तुटला तर अर्धी जुनी, अर्धी नवी माहिती राहील, म्हणून कुठवर आलो याची नोंद ठेवणारं छोटं टेबलही केलं. यातच सगळी दुपार गेली.

6:00. टेस्ट सर्व्हरवर दोन विंडो: एकीत लोड, दुसरीत ती सारखी साठा विचारतेय. एकूण लोडला दुप्पट वेळ लागला. वाचणारा मात्र एकदाही सेकंदभर अडला नाही.

पहाटे 2:10. गजर लावून उठलो. लोड चालू. दुसऱ्या विंडोत इन्सुलिनचा साठा विचारला. एंटर दाबताच आकडा आला. तिला मेसेज टाकला: "चाललंय. सकाळी दहाला ये, घाई नको."