बुलडोझर ओढत नाही? गिअर बॉक्स उघडण्यापूर्वी एवढे पाहा



१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण भागातील ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. या सर्व कामांना भराव आणि सपाटीकरण लागले. जमीन गेलेल्या घरांतील किती तरी मुलांनी हाती आलेल्या पैशातून डंपर घेतले, कुणी जुना बुलडोझर घेतला. काल ज्या घराचे पोट भाताच्या खाचरावर चालत होते, ते आज एका मशीनवर चालते. असे मशीन बसले, तर ऐन पेरणीत बैल बसल्यासारखेच होते.

काही वर्षांपूर्वी मे अखेरीस पनवेल तालुक्यातील खाडीकाठच्या एका गावी खारबांधाला खांड पडली होती. अमावास्येच्या उधाणापूर्वी ती बुजवायची होती. गावातल्याच एका घरचा जुना बुलडोझर कामाला लावला आणि दुसऱ्याच दिवशी त्याने ओढणे सोडले. इंजिन जोरात, पण मशीन जागचे हलेना. आलेला मिस्त्री म्हणाला, "गिअर बॉक्स गेला. खाली उतरवावा लागेल. महिना लागेल." मशीनवाल्या मुलाची आई मला म्हणाली, "साहेब, उधाण काही महिनाभर थांबायचं नाही."

मी शेतकी पदवीधर, मिस्त्री नव्हे. पण गावातील एका म्हाताऱ्या ऑपरेटरने त्या दिवशी जे केले ते मी जवळून पाहिले. त्याने आधी ऑइलची काडी ओढली. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली होते. मग पंपाकडे जाणारा रबरी पाइप चाचपला. त्याचा क्लॅम्प सैल होता. पंप ऑइलबरोबर हवा ओढत होता. क्लॅम्प आवळला, ऑइल भरले, आणि दोन तासांत मशीन बांधावर गेले. गिअर बॉक्स उघडला असता तर रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असे झाले असते. तोवर खारे पाणी शेतात शिरून जमीन पुढची काही वर्षे नासली असती.

आधी जीव सांभाळा

मशीन सपाट जागी उभे करा. पाते जमिनीवर टेकवा. गिअर न्यूट्रलला घेऊन त्याचा लॉक लावा, ब्रेक लावा. चेनच्या पुढे-मागे कुणी उभे राहू नये. मुलांना तर जवळ येऊच देऊ नका.

आपले मशीन कोणत्या जातीचे?

जुन्या लहान मशीनमध्ये मेन क्लच आणि साधा गिअर बॉक्स असतो. मोठ्या मशीनमध्ये बहुधा टॉर्क कन्व्हर्टर असतो आणि गिअर ऑइलच्या दाबाने पडतात. दोन्हींचे रोग वेगळे.

मेन क्लचच्या मशीनमध्ये इंजिन फिरते पण ओढ नाही, जळका वास येतो, तर क्लच घसरतो आहे. हाताने ओढायचा क्लच असेल तर दांडा जोर लागून 'खट्' असा बसला पाहिजे. तो अलगद जात असेल तर क्लच ॲडजस्ट करून घ्या. गिअर टाकताना दात करकरत असतील तर क्लच पुरता सुटतो का आणि क्लचब्रेक झिजला आहे का, ते पाहा.

ऑइलच्या दाबावर चालणारे मशीन

१. ऑइलची पातळी मशीनच्या पुस्तकात दिलेल्या रीतीनेच पाहा. काही मशीनमध्ये ती इंजिन चालू ठेवून पाहतात, काहींत बंद करून. रीत चुकली तर माप चुकते.

२. ऑइल बोटांवर घ्या. दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे: पावसाचे, नाहीतर फुटलेल्या ऑइल कूलरमधून रेडिएटरचे. काळे आणि जळकट वासाचे असेल तर क्लचच्या प्लेटा जळत आहेत.

३. फिल्टर आणि जाळी काढून पाहा. चुंबकावर राखाडी लगदा थोडा असतोच, त्याला भिऊ नका. पण चकाकणारे पोलादी तुकडे, पितळी कपचे किंवा रबराचे तुकडे दिसले तर मशीन त्याच क्षणी थांबवा.

४. पुढे-मागे दोन्हीकडे आणि सर्व गिअरमध्ये ओढ कमी असेल तर दोष बहुधा सर्वांना सामाईक ठिकाणी असतो: ऑइल, जाळी, पंप, दाबाचा व्हॉल्व्ह किंवा कन्व्हर्टर. फक्त पुढे जात नसेल, मागे नीट जात असेल, तर पुढच्या क्लचकडे बोट दाखवा.

५. मशीन एकाच बाजूला वळत नसेल किंवा एकच चेन ओढत नसेल तर गिअर बॉक्सला दोष देऊ नका. त्या बाजूचा स्टिअरिंग क्लच आणि ब्रेक पाहा. चेन फार ताणलेली असेल, तिच्यात चिखल गच्च बसला असेल किंवा ब्रेक धरून राहिला असेल, तरीही मशीन जड चालते.

६. ऑइल तापत असेल तर रेडिएटर आणि कूलर धुळीने भरले आहेत का पाहा. जड भरावात वरच्या गिअरमध्ये रेटू नका.

एवढे पाहूनही दोष सापडला नाही तर जाणत्या मिस्त्रीकडून ऑइलचा दाब गेज लावून मोजून घ्या. दाबाचा आकडा पाहिल्याशिवाय गिअर बॉक्स खोलायला होकार देऊ नका. बंद पडलेले मशीन दुसऱ्याने लांबवर ओढूनही नेऊ नका. इंजिन बंद असले की बहुतेक मशीनमध्ये पंप बंद असतो आणि आतले भाग कोरडे घासतात.

वहीचे महत्त्व

एक साधी वही ठेवा. ऑइल कधी भरले, किती भरले, फिल्टर कधी बदलला, चुंबकावर काय दिसले, ते तारखेसह लिहा. घरातील शिकलेल्या मुलीने किंवा सुनेने हे काम हाती घेतले तर फारच उत्तम. ऑइल वरचेवर भरावे लागते आहे, हे वहीतूनच कळते, आणि गळती वेळीच सापडते.

जमीन एकदाच विकली जाते. तिच्या पैशाचे जे मशीन झाले, त्याची काडी रोज सकाळी काम सुरू करण्यापूर्वी एकदा पाहायला पाच मिनिटेही लागत नाहीत. तेवढी द्या.