फातिमाला जायचं, पण फातिमा स्टेशनवर उतरायचं नाही

गेल्या मे महिन्यात आई पहिल्यांदाच लिस्बनला आली. बॅगेत नेहमीचा ऐवज होता: भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, माझ्यासाठी दोन किलो पोहे. आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात घडी घातलेली पाचशेची एक नोट. ती नोट तिची नव्हती. शेजारच्या मावशींची होती.

आमचं घर वसईचं. भिंतीला भिंत लागून मावशींचं घर. आई शाळेत शिक्षिका, त्यामुळे माझी दुपार मावशींकडेच जायची. त्यांच्या ओटीवर एक तसबीर होती: पांढऱ्या वस्त्रातली फातिमा माता, समोर गुडघे टेकलेली तीन मुलं आणि मागे मेंढ्या. लहानपणी मला ती मुलं मावशींच्या नात्यातलीच वाटायची. पुढे नोकरीनिमित्त मी लिस्बनला आलो आणि नकाशावर फातिमा हे गाव दिसलं, तेव्हा कळलं की ही जागा खरंच आहे आणि माझ्या घरापासून जेमतेम सव्वाशे किलोमीटरवर आहे.

मावशींनी आईला निघताना सांगितलं होतं, "सोमवारी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. त्याच्या आधी फातिमा मातेला माझ्या नावाने मेणबत्ती लाव. पैसे माझेच पाहिजेत हं, पोराला भरायला लावू नको."

आई पोहोचली गुरुवारी रात्री. शुक्रवारी ती झोपेतून उठेना. रविवारी माझ्या ऑफिसचं मोठं रिलीज होतं. म्हणजे हातात उरला एक शनिवार. त्यात आईचे स्वतःचे गुडघेही संधिवाताने धरलेले. दोन जिने चढली की तिला पाच मिनिटं बसावं लागतं. तेव्हा प्रश्न एवढाच होता की जायचं कशाने?

इथे बरीच मराठी मंडळी आहेत आणि उन्हाळ्यात आई-वडील आले की अनेकजण फातिमाला जातात. म्हणून हा हिशेब जरा तपशिलात मांडतो.

पहिला पर्याय पायी जाण्याचा. हसू नका. मे महिन्यात हजारो पोर्तुगीज लोक हाच पर्याय निवडतात. माझं ऑफिस पार्क दास नासोएस भागात, तेजो नदीच्या काठावर आहे. तिथून फातिमाकडे जाणारी जुनी पायवाट जाते. खांबांवर, दगडांवर निळे बाण रंगवलेले असतात. निळा बाण फातिमाचा, पिवळा बाण स्पेनमधल्या सांतियागोचा. लिस्बनहून हे अंतर साधारण 140 किलोमीटर, चार ते सहा दिवसांची चाल. 13 मेच्या आधीच्या आठवड्यात तर गावोगावचे जथे रस्त्याने निघतात. अंगात चमकणारी जाकिटं, हातात काठी, मागून सामानाची गाडी. वाटेत स्वयंसेवक तंबू टाकून पायांचे फोड साफ करून पट्ट्या बांधून देतात. टाळ-मृदंग नाहीत, पताका नाहीत, पण आळंदी-पंढरपूरच्या वाटेवर ज्याने एक दिवस काढला आहे त्याला हे दृश्य अनोळखी वाटणार नाही. अर्थात आमच्यासाठी हा पर्याय बादच होता.

दुसरा पर्याय रेल्वेचा, आणि इथेच बहुतेक नवखे फसतात. मीही फसलोय. लिस्बनला आल्यावर पहिल्याच वर्षी मी एकटा निघालो. रेल्वेच्या यादीत फातिमा नावाचं स्टेशन दिसलं, तिकीट काढलं, एन्ट्रोंकामेंतोला गाडी बदलली आणि मोठ्या ऐटीत उतरलो. फलाटावर मी, एक बाक आणि एक मांजर. चर्चचा कळस कुठे दिसेना. मोबाइलवर बघितलं तर तीर्थस्थान वीसेक किलोमीटर लांब! स्टेशनबाहेर रिक्षा-टॅक्सीचा पत्ता नाही. शेवटी फोन करून टॅक्सी बोलावली, तासभर वाट बघितली आणि पोहोचेपर्यंत परतायची वेळ झाली होती. पूर्वी शिर्डीला जायचं तर आपण कोपरगावला उतरायचो, पण निदान त्या स्टेशनचं नाव कोपरगावच होतं! इथे नाव फातिमा आणि फातिमा मात्र डोंगरापलीकडे. दुसरं एक स्टेशन काशारियासचं आहे, तेही गावापासून लांबच. नकाशावरच्या नावावर विश्वास ठेवून गाडीत बसणं ही इंजिनिअर लोकांची खास खोड असावी.

तिसरा पर्याय सहलीच्या गाडीचा. लिस्बनमधून रोज अशा गाड्या निघतात. फातिमा, बाताल्याचा मठ, नाझारेचा समुद्र आणि ओबिदुशचं तटबंदीचं गाव, सगळं एका दिवसात. हॉटेलजवळून घेतात, परत सोडतात, सोबत माहिती सांगणारा गाइड. पोर्तुगाल बघायला आलेल्यांसाठी हा उत्तम पर्याय. पण हिशेब केला तर फातिमाच्या वाट्याला तास-दीड तास येतो आणि आईला चार वेळा गाडीतून उतरून चढावं लागतं. आई म्हणाली, "मला चार गावं नकोत रे. एकच मेणबत्ती लावायची आहे."

चौथा पर्याय स्वतःच्या किंवा भाड्याच्या गाडीचा. ए-वन महामार्ग सरळ फातिमापर्यंत नेतो. टोल भरावा लागतो, सव्वा-दीड तासात पोहोचता. देवस्थानाभोवती मोठमोठे मोफत वाहनतळ आहेत. लहान मुलं असतील, चौघे-पाचजण असाल, आजूबाजूची गावंही बघायची असतील तर हाच पर्याय घ्या. मात्र 12 आणि 13 मे, तसंच 12 आणि 13 ऑक्टोबर या दिवशी गाडी घेऊन जायचा विचारही करू नका. माझ्याबाबतीत अडचण वेगळी होती. माझ्याकडे गाडी नाही, उजव्या बाजूने चालवायचा सराव कमी, आणि महामार्गावर लोक ताशी 120 ने जातात. आई शेजारी बसून रामरक्षा म्हणत राहिली असती.

उरला पाचवा पर्याय, एसटी. म्हणजे इथली लांब पल्ल्याची बस. लिस्बनच्या सेते रिओस स्थानकावरून रेदे एक्सप्रेसोसच्या गाड्या सुटतात. मेट्रोच्या निळ्या मार्गावर जार्दिम झूलॉजिको नावाचं स्टेशन आहे, तिथे उतरून चालत जायचं. ("प्राणिसंग्रहालयात कशाला उतरलो?" आईचा पहिला प्रश्न.) दिवसभरात बऱ्याच गाड्या असतात आणि साधारण दीड तास लागतो. ओरिएन्ते स्थानकावरूनही काही बस मिळतात. तिकीट मोबाइलवर काढता येतं. आणि मुख्य गोष्ट, फातिमाचं बसस्थानक खरोखर फातिमात आहे! तिथून देवस्थान दहा मिनिटांच्या चालीवर.

मी रात्री बसून या सगळ्याचा तक्ता केला होता. वेळ, खर्च, चाल, पायऱ्या. आईने चष्मा लावून तो बघितला आणि विचारलं, "यात संडास कुठे कुठे आहे ते लिहिलंच नाहीस." तो रकाना खरोखरच राहिला होता. आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी तो सगळ्यात आधी भरावा. सेते रिओसला सोय आहे, फातिमाला देवस्थानाच्या आवारात आहे. मग मात्र तिने लगेच निर्णय दिला, "बसने जाऊ."

शनिवारी सकाळी आठच्या सुमाराची बस पकडली. आई खिडकीशी. लिस्बन मागे पडलं की ऑलिव्हची झाडं, लाल कौलांची घरं, मधूनच निलगिरीचे पट्टे. महामार्ग सोडून गाडी फातिमाच्या रस्त्याला लागली आणि कडेने चालणारे जथे दिसले. एक आजी, सत्तरीच्या पुढच्या, दोन काठ्या टेकत चाललेल्या. आई वळून वळून त्यांच्याकडे बघत होती. "हिचे गुडघे बघ," एवढंच म्हणाली.

बसस्थानकापासूनची दहा मिनिटं आम्हाला पंचवीस मिनिटं लागली, वाटेत एका कॉफीच्या दुकानात बसून. पुढे ते प्रचंड मोठं पटांगण. एका टोकाला 2007 साली उघडलेलं नवं, गोल आकाराचं बॅसिलिका, दुसऱ्या टोकाला जुनं बॅसिलिका, त्याचा मनोरा 65 मीटर उंच. 1917 साली इथे फक्त मेंढ्या चरायचं माळरान होतं. लुसिया, फ्रान्सिस्को आणि जासिंता या तीन गुराखी मुलांनी सांगितलं की मे ते ऑक्टोबर अशी सहा वेळा आम्हाला माता दिसली. थोरली लुसिया दहा वर्षांची, धाकटी जासिंता सात. फ्रान्सिस्को आणि जासिंता पुढच्या दोन-तीन वर्षांत फ्लूच्या साथीत गेली. 2017 मध्ये, शंभर वर्षं झाली तेव्हा, पोप फ्रान्सिस यांनी इथे येऊन त्यांना संतपद दिलं. मावशींच्या तसबिरीतली मुलं तीच. तिघांच्याही कबरी जुन्या बॅसिलिकात आहेत.

पटांगणातून छोट्या चॅपेलकडे एक गुळगुळीत पट्टा जातो. त्यावरून लोक गुडघ्यांवर चालत होते. एक तरुण बाई गुडघ्यांवर पुढे सरकत होती आणि तिचा चार-पाच वर्षांचा मुलगा तिचा हात धरून शेजारून चालत होता. आई थबकली. "हे तर आपलं लोटांगण," म्हणाली. मग बराच वेळ काही बोलली नाही.

चॅपेलच्या जवळच मेणबत्त्यांची जागा आहे. बोटभर मेणबत्तीपासून पुरुषभर उंचीच्या मेणबत्तीपर्यंत सगळं मिळतं. शिवाय मेणाचे हात, पाय, डोकी. वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेला जे गेले आहेत त्यांना हे नवीन नाही. ज्या अवयवाचं दुखणं, तो अवयव मेणाचा करून वाहायचा. आईने विचारलं, "गुडघा आहे का?" नुसता गुडघा नव्हता, अख्खा पायच घ्यावा लागणार होता. एक मेणबत्ती आणि एक पाय घेतला.

आता प्रश्न त्या नोटेचा. मी म्हटलं, "आई, मी युरो टाकतो, नोट तू परत ने, हिशेब एकच." ती म्हणाली, "हिशेब एकच नाही. ते तिच्या डाळिंब्यांचे पैसे आहेत." मावशी परसातले वाल सोलून विकायच्या, ते मला ठाऊक होतं. मग दोन्ही झालं. मेणबत्तीचे आणि पायाचे युरो मी दिले आणि पाचशेची नोट आईने दानपेटीत टाकली. पोर्तुगालच्या दानपेटीत गांधीजी बघून मोजणाऱ्याला काय वाटलं असेल कोण जाणे.

तिथली आग मोठी असते. एवढ्या मेणबत्त्या एकत्र जळतात की जवळ उभं राहवत नाही, मेण वितळून खाली वाहत असतं. आईने मेणबत्ती लावली, पाय आगीत सोडला. आणि मग परत दुकानाकडे वळली.

"काय राहिलं?"

"अजून एक पाय घे," म्हणाली. "आलोच आहोत तर."

दुपारी एक वाजता मावशींना व्हिडिओ कॉल लावला. वसईत साडेपाच झाले होते. मावशी पलंगावर पाय लांब करून बसलेल्या. मी फोन फिरवून त्यांना पटांगण, चॅपेल, मेणबत्त्या दाखवत होतो, तेवढ्यात मनोऱ्यातल्या घंटा वाजायला लागल्या. तासाला तिथे फातिमा मातेच्या गाण्याची चाल वाजते. मावशींनी ती पहिल्या दोन सुरांतच ओळखली आणि त्या तिकडून मराठीत गाऊ लागल्या. गंमत म्हणजे आईही त्यांच्याबरोबर गात होती. तीस वर्षं भिंतीपलीकडून ऐकलेलं, तिला सगळं पाठ होतं. मला माहीतच नव्हतं.

जेवायला बसलो तेव्हा मेनूकार्डावर पांव आणि बटाटा बघून आई खूश झाली. चावी, बादली, पगार हेही शब्द यांच्याचकडून आपल्याकडे आले असं सांगितल्यावर म्हणाली, "मग आपण परदेशात आलोच कुठे?"

जाणाऱ्यांसाठी दोन सूचना. परतीचं तिकीट आधीच काढा, शनिवार-रविवारी गाड्या भरतात. आणि ईस्टरपासून ऑक्टोबरपर्यंत रोज रात्री साडेनऊला जपमाळ आणि मेणबत्त्यांची मिरवणूक असते. ती बघायची असेल तर परतीच्या गाडीची वेळ नीट तपासा, नाहीतर सरळ मुक्काम करा. आम्हाला ती बघता आली नाही. पाच वाजताच्या बसमध्ये आई माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली ती सेते रिओसलाच उठली.

मावशींचं ऑपरेशन ठरल्याप्रमाणे सोमवारी झालं. आता त्या काठी घेऊन चर्चपर्यंत जातात. आईचे गुडघे आहेत तसेच आहेत. परवा फोनवर मी तिला डॉक्टरांची वेळ घ्यायला सांगत होतो, तर म्हणाली, "घेते रे. पण आधी मला सांग, पुढच्या मेमध्ये तिला घेऊन आले तर बसस्थानकापासून तेवढंच चालावं लागेल ना?"

मी तक्ता पुन्हा उघडला आहे. या वेळी संडासाचा रकाना पहिला आहे.

(लेखक लिस्बन येथे सॉफ्टवेअर अभियंता आहेत.)