वऱ्हाडातील जीवाश्म

प्राचीन काळातील सजीवांचे खडकांत टिकून राहिलेले अवशेष किंवा खुणा म्हणजे जीवाश्म होत. हाडे, दात, अंड्यांची कवचे, शिंपले, खोडे व पानांचे ठसे यांप्रमाणेच पाऊलखुणा आणि अश्मीभूत विष्ठा यांचाही त्यांत समावेश होतो. वऱ्हाडात जीवाश्म विरळ आढळतात. त्यांतील महत्त्वाचे साठे अमरावती जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, सातपुड्याच्या पायथ्याशी आहेत.

भूवैज्ञानिक पार्श्वभूमी

अकोला व अमरावती जिल्ह्यांचा बहुतेक भूभाग दख्खनच्या काळ्या पाषाणाने (बेसाल्ट) आणि पूर्णा नदीच्या जाड गाळाने व्यापलेला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थरांवर थर पसरत गेला आणि त्याखाली त्या काळची जमीन गाडली गेली. तप्त लाव्ह्यात सजीवांचे अवशेष सहसा टिकत नाहीत. ते टिकतात दोन ठिकाणी : लाव्ह्याखालच्या जुन्या गाळाच्या खडकांत, आणि दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या शांततेच्या काळात तळी-डबक्यांत साचलेल्या पातळ थरांत. नागपूरजवळील टाकळी येथील अशाच मधल्या थरांतील जीवाश्मांचा अभ्यास स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास केला होता.

सातपुड्याच्या कडेला भूकवचातील प्रस्तरभंगांमुळे लाव्ह्याखालचे खडक उघडे पडले आहेत. त्यामुळे वऱ्हाडात जीवाश्म शोधणाऱ्यास मैदान सोडून डोंगराच्या पायथ्याकडे वळावे लागते. यात्रेसाठी प्रसिद्ध असलेल्या बहिरमच्या परिसरात गोंडवन संघाचे, म्हणजे लाव्ह्याहून बरेच जुने खडक असून त्यांत वनस्पतींचे ठसे मिळाले आहेत.

सालबर्डी

मोर्शी तालुक्यातील सालबर्डी हे गाव महाराष्ट्र व मध्य प्रदेशाच्या सीमेवर आहे. मराठी वाचकास ते चक्रधरस्वामींच्या एकांतवासामुळे आणि महाशिवरात्रीच्या यात्रेमुळे परिचित असते. येथील लॅमेटा स्तरांत, म्हणजे लाव्ह्याच्या लगेच खाली असलेल्या वालुकाश्म व चुनखडीयुक्त खडकांत, डायनोसॉरचे अवशेष सापडले आहेत. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठातील भूवैज्ञानिकांनी या परिसरातून डायनोसॉरच्या पुढच्या पायाचे कोपराखालील एक हाड २०१३ मध्ये नोंदविले. पुढे अंड्यांच्या घरट्यांचेही वर्णन प्रसिद्ध झाले. ही अंडी टायटॅनोसॉर या लांब मानेच्या, शाकाहारी व महाकाय प्राण्यांची मानली जातात. प्राणी अवाढव्य असला तरी त्याचे अंडे मोठ्या चेंडूएवढेच असे. एका घरट्यात अनेक अंडी एकमेकांलगत आढळतात, यावरून मादी उथळ खड्ड्यात अंडी घालत असावी असे अनुमान केले जाते.

खरे आणि भासमान जीवाश्म

प्रत्येक गोल दगड अंडे नसतो. वऱ्हाडातील काळा पाषाण कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटत जातो व त्यातून गुळगुळीत गोळे तयार होतात. त्यांना डायनोसॉरची अंडी समजण्याची चूक वारंवार होते. खऱ्या अंड्यास काही मिलिमीटर जाडीचे निराळे कवच असते आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यात श्वसनाची छिद्रे व स्फटिकांची विशिष्ट रचना दिसते. दगडाच्या फटीत मँगनीजच्या खनिजांनी उमटलेली नेच्यासारखी नक्षीही अशीच फसवी असते. ती वनस्पती नव्हे.

नोंदींचे महत्त्व

जीवाश्म कोणत्या थरातून, कोणत्या पातळीवरून आणि कोणत्या स्थितीत मिळाला, यावरच त्याचे वय व परिसर ठरतो. घरट्यातून उचलून दिवाणखान्यात ठेवलेले अंडे शोभेची वस्तू होते. घरट्याविषयी ते काहीही सांगू शकत नाही. हौसेपोटी होणारे हे नुकसान नदीच्या झिजेपेक्षा वाईट म्हणावे लागेल, कारण झीज निदान नवे थरही उघडे करते.

‘फॉसिल’ हेच नाव धारण करणारी एक संगणकीय आज्ञावलीही आहे. एस्क्यूलाइट या विदागाराचे निर्माते डी. रिचर्ड हिप यांनी ती तयार केली असून २००७ पासून तिचा स्वतःचा विकासही तिच्याच साहाय्याने होतो. कोणत्या संचिकेत कोणी, केव्हा व काय बदल केला याची नोंद ठेवणाऱ्या आवृत्ती-नियंत्रण आज्ञावलींपैकी ती एक आहे. अशा काही आज्ञावलींत जुना इतिहास नीटनेटका करून पुन्हा लिहिण्याची सोय असते. ‘फॉसिल’मध्ये ती हेतुपुरस्सर ठेवलेली नाही. जे घडले ते जसेच्या तसे राहावे, चूक झाल्यास तिची दुरुस्ती पुढच्या नोंदीत यावी, हे तिचे धोरण आहे. क्षेत्रकार्य करणारा भूवैज्ञानिक आपली वही याच शिस्तीने ठेवतो.

या शिस्तीचे मोल भारतातील पहिल्या डायनोसॉर-शोधाच्या कथेत दिसते. विल्यम स्लीमन यांना १८२८ मध्ये जबलपूर येथे मणके मिळाले. रिचर्ड लिडेकर यांनी १८७७ मध्ये त्यांवरून ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले. पुढे मूळ हाडे बेपत्ता झाली. २००३ मध्ये अभ्यासकांनी ते नावही वर्गीकरणासाठी अपुरे ठरविले. अखेर २०१२ मध्ये त्यांपैकी एक मणका कोलकात्यातील भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात पुन्हा सापडला. जुनी वर्णने व चित्रे शिल्लक होती, म्हणून तो ओळखता आला.

भूवारसा स्थळे व भू-अवशेष यांच्या जतनासाठी केंद्रीय खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये एका विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला.